डाव्या मनगटाची गोष्ट

ओंकार, सई,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. सांगायचं ठरवलंही नव्हतं — ते माझ्याबरोबरच जाईल असं धरून चालले होते. पण ओंकार, गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास की तुमच्या स्काउटच्या पथकात आता दर सभेला एका मुलानं काहीतरी करून दाखवायचं असतं, आता तुझी पाळी आहे, आणि तू आजीच्या मनगटाची गोष्ट सांगणार आहेस. चुकीची पट्टी बांधली तर काय होतं, हा तुझा विषय. सईला खुर्चीवर बसवून तिच्या हाताला आधी चुकीची पट्टी बांधणार, मग बरोबर. तू मला दोन प्रश्न विचारलेस. कुठलं हाड होतं ते? आणि त्या मुलीचं नाव काय होतं?

मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तेव्हापासून मी रागात आहे. तुझ्यावर नाही, बाळा. तुझा विषय चांगला आहे. राग मला माझा आहे, आणि तो नवा नाही — इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवला होता, जशी मी सगळ्याच गोष्टींची घालते. तुम्हाला ठाऊकच आहे माझी शिस्त. तीच शिस्त लावून मी एक खोटं आयुष्यभर सांभाळलं. झिजू दिलं नाही.

तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट अशी : आजी लहानपणी गाईड होती, एका मुलीनं प्रथमोपचार दाखवताना तिचा हात चुकीचा बांधला, मनगटाला इजा झाली आणि ते थंडीत अजून दुखतं. म्हणून आजीनं कणीक मळायची नाही. म्हणून आजीची पिशवी दुसऱ्यानं उचलायची. सई, गेल्या डिसेंबरात तू आलीस तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या मनगटाला तेल चोळत होतीस. किती हळू! आणि मी डोळे मिटून चोळून घेत होते. तेव्हा तरी मी तुला का थांबवलं नाही? काय अडचण होती?

थांबा. नीट सांगते.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती ती. नगरला आमच्या मुलींच्या इंग्रजी शाळेत गाईडचं पथक होतं. पथकाच्या कॅप्टन होत्या गायकवाडबाई, आमच्या भूगोलाच्या शिक्षिका. शनिवारी शाळा सुटली की मैदानावर चिंचेखाली सभा भरायची. ध्वज, प्रार्थना, हजेरी, मग संघासंघांची कामं, मग खेळ, शेवटी गोल बसून गाणी. एका वर्षी बाईंच्या मनात आलं की दर सभेत एका मुलीनं उभं राहून तिला येत असलेली एखादी गोष्ट इतरांना शिकवावी. त्याला त्यांनी नाव दिलं ‘मुलींचा वेळ’. पण तो बसवायचा कुठे? खेळानंतर ठेवला, तर सगळ्या धापा टाकताहेत, वेण्या सुटल्यात, एक पाणी प्यायला गेली की तिच्यामागे चौघी. सुरुवातीला ठेवला, तर लांबच्या मुली अजून यायच्या असत. शेवटी ठेवला, तर फाटकाशी कुणाचा भाऊ सायकलची घंटी वाजवत उभा.

ही अडचण मी सोडवली. मी संघनायिका होते. मी बाईंना सांगितलं, संघांची कामं झाल्यावर आणि खेळाच्या आधी ठेवा. पुढे खेळ आहे म्हटल्यावर मुली गप्प बसतील आणि बोलणारीही लांबण लावणार नाही. शिवाय बोलणारीनं समोर उभं राहायचं नाही, गोलात बसायचं, आणि तिनं दाखवलेलं प्रत्येकीनं आपल्या हातांनी करून बघायचं. बाई इतक्या खूश झाल्या की पाळ्या लावायचं कामही त्यांनी मला दिलं. ओंकार, हे तुझ्या पथकातही चालेल. करून बघ.

मी लांबण लावतेय, ना? मुद्द्याकडे जायला पाय उचलत नाही, म्हणून.

तिचं नाव हलीमा. माझ्याच संघात होती. तिच्या वडिलांचं गाद्या-उशा भरून देण्याचं दुकान होतं, कापूस पिंजायचं काम घरातच चाले. शाळेत यायची तेव्हा तिच्या केसांत हमखास कापसाचे तंतू असत. मुली चिडवत, “अगं हलीमा, म्हातारी झालीस की!” ती म्हणे, “तुज्या लग्नातली गादी माज्याच हातची असंल. दोन खडे टाकते आत, मग बघ कोण म्हातारी होतंय.” पट्ट्यांना कापूस मिळेना त्या दिवसांत आमच्या पथकाला कापूस तिच्याच घरून यायचा, धुतलेला, उन्हात वाळवलेला.

‘मुलींचा वेळ’ सुरू झाला आणि काय काय दाखवलं मुलींनी! एकीनं लिंबाचं लोणचं, तेही लिंबाशिवाय. एकीनं साप ओळखायला शिकवलं आणि स्वतःच घाबरून खाली बसली. मी दाखवलं शिबिराची ट्रंक कशी भरावी. खाली काय, वर काय, मोज्यांची गुंडाळी कुठल्या फटीत. मला वाटलं होतं सगळ्या थक्क होतील. दोघींनी जांभया दिल्या. बाई म्हणाल्या, “छान. नीटनेटकं.” बस्स, एवढंच.

आणि मग हलीमानं मोडलेला हात बांधून दाखवला. बांबूच्या कामट्या, त्यांच्यावर कापसाची घडी, वरून पट्ट्या, मग त्रिकोणी कापडाची झोळी, गळ्याच्या खळगीपाशी गाठ. बांधून झालं की ती पट्टीखाली आपलं एक बोट सरकवून बघायची — घट्ट तर झाली नाही ना. आणि विचारायची, “सोसतंय ना?” कुणी जांभई दिली नाही. खेळाची वेळ झाली तरी मुली उठेनात. माझी व्यवस्था तिथे मोडली, आणि मी ते विसरले नाही.

गावातल्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नर्सिंगचा वर्ग काढणार होत्या. आमच्या पथकातून एक मुलगी घ्यायची होती. राहणं, जेवण, शिक्षण सगळं दवाखान्याचं. मुलगी त्या स्वतः निवडणार होत्या, आणि त्यासाठी एका शनिवारी सभेला येणार होत्या. ‘मुलींच्या वेळा’त त्या दिवशी हलीमाच, हे बाईंनीच ठरवलं. मला विचारलं नाही.

हलीमासाठी हा वर्ग काय होता ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न केव्हाच झालं होतं, आणि वडील हिलाही शाळेतून काढणार होते. बाई स्वतः त्यांच्या दुकानात जाऊन बोलल्या. हलीमानं मला सांगितलं, अब्बा म्हणाले, “डाक्टरीनबाईनी पसंत केली तर माझी ना न्हाई. न्हाई केली, तर मग घरात बसंल.” सांगताना तिनं माझा हात धरला होता. म्हणजे हे सगळं मला ठाऊक होतं. हे नीट ध्यानात ठेवा — मला ठाऊक होतं.

मला त्या वर्गात जायचं होतं का? छे! वकिलाची मुलगी दवाखान्यात भांडी घासणार का, असं वडिलांनी हसून विचारलं असतं, आणि मीही हसले असते. मला तिथलं काहीच नको होतं. मग मी केलं ते कशासाठी?

बाईंनी मला रुग्ण केलं म्हणून. “तू स्थिर बसतेस, इंदू,” असं म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंसमोर हलीमा शिकवणार, आणि पाळ्या लावणारी मी — मी ठोकळ्यासारखी बसणार. हात पुढे करून.

आम्ही सराव केला होता. शाळेच्या व्हरांड्यात कितीदा तरी तिनं माझा हात बांधला, सोडला, परत बांधला. एकदाही दुखला नाही. एकदाही नाही! उलट त्या कापसात हात इतका उबेला बसायचा की सोडवून घ्यायला नको वाटे.

तो शनिवार. चिंचेखाली सतरंजी, डॉक्टरीणबाईंना खुर्ची. बाईंनी आम्हाला शिकवलं होतं की रुग्णानं रुग्णासारखं वागायचं, जरा कण्हायचं, म्हणजे बांधणारीला सवय होते. मी कण्हले. मुली हसल्या. डॉक्टरीणबाईही हसल्या, माझ्याकडे बघून. मला ते आवडलं. मी आणखी कण्हले. मग हलीमानं झोळी घातली, गाठ मारली, बोट सरकवून बघितलं, आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून वाकून गाठ बघत तिला म्हणाल्या, “शाब्बास.” आता त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी ओरडले. “आई गं! मोडला!”

आता हे नाटक नाही असं सगळ्यांना वाटावं, असं ओरडले. माझ्या कोपराखाली आधाराला धरलेला तिचा हात तिनं सोडला. माझ्याकडे वाकून तिनं हळूच विचारलं, “खरंच का गं?”

ओंकार, सई, इथे एक फट होती. बारीकशी. मी मान हलवून नाही म्हणू शकत होते. हसू शकत होते. रुग्णानं कण्हायचं असतं म्हणून ओरडले, असं म्हटलं असतं तर बाई रागावल्या असत्या आणि खेळ सुरू झाला असता. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. वर रडले. रडू खरं आलं — कशाचं आलं, देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी झोळी सोडली, माझं मनगट दाबून पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, मुरगळलं असेल. आणि त्यांनी झोळी परत बांधली — तशीच. तीच घडी, तीच गाठ, गळ्याच्या त्याच खळगीत. मला दिसत होतं. हलीमालाही दिसत होतं. मग त्या तिला म्हणाल्या, “रुग्ण ओरडला म्हणून हात सोडायचा नसतो, मुली. आपणच गडबडलो तर कसं होणार?”

तिनं हात सोडला, कारण ओरडणारी मी होते. परकी बाई असती तर तिनं सोडला नसता. हे डॉक्टरीणबाईंना कसं कळणार? मला कळत होतं.

नंतर बाईंनी मला झाडामागे नेलं. “गाईडच्या शब्दावर सांग इंदू, खरंच दुखलं?” आमच्यात अशी रीत होती, की एकदा गाईडच्या शब्दावर विचारलं आणि सांगितलं की पुढे कुणी एक अक्षर विचारायचं नाही. मी म्हटलं, हो. बाईंनी पुढे कधीही विचारलं नाही. इतक्या सज्जन पद्धतीचा इतका घाणेरडा उपयोग मी केला. मुली घरी जाताना बोलत होत्या, हिला कशाला बांधायला दिलं, त्यांच्यात असलंच असतं. असलं म्हणजे कसलं? मी ऐकत होते. झोळीतला हात सांभाळत चालत होते.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या पथकातली मुलगी घेतलीच नाही. दुसऱ्या शाळेतली घेतली.

पुढच्याच आठवड्यात हलीमाचे वडील आमच्या घरी आले. त्यांना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. ओटीवर खुर्च्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि ते बसले नाहीत. त्यांच्या हातात एक लहानशी उशी होती. माझ्या हाताच्या मापाची. नव्या कापडाची, नव्या कापसानं भरलेली. “वकीलसाहेब, पोरीची चूक झाली,” ते म्हणाले. “नासमज हाय. ताईला हात टेकवायला आनलीय. पुन्यांदा असं हुनार न्हाई, शाळा बंद केली तिची.” माझे वडील मोठ्या मनानं म्हणाले, “असू द्या, असू द्या. लहान आहे.” आणि माझ्याकडे वळून, “घे गं.”

मी डावा हात झोळीत तसाच ठेवून उजव्या हातानं उशी घेतली.

त्या माणसानं माझ्यापुढे मान खाली घातली होती. माझे वडील क्षमा करत होते. कुणी कुणाला करायची होती क्षमा? आजही ती ओटी आठवली की मला वाटतं एकेक खुर्ची उचलून रस्त्यात फेकावी. पण फेकायचं होतं ते तेव्हा. तेव्हा मी उशीवर हात टेकवून बसले. मऊ होती.

झोळी मी बरेच दिवस घातली. एका सकाळी विसरले, आणि भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात नेली. आई चुलीशी होती. तिनं पाहिलं. वाटलं, आता विचारील, आणि मी सांगून टाकीन, आणि सुटेन. आईनं कळशी माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली. माझ्या खांद्यावर लोंबत असलेली झोळी नीट केली, हात आत घातला, गाठ आवळली आणि चुलीकडे वळली. आम्ही दोघी त्याबद्दल कधीही बोललो नाही. पुष्कळ वर्षं मी मनात आईला दोष देत आले. ते सोपं होतं. पण आईनं झोळी नीट केली, झोळी घातली होती मी.

हलीमाला नंतर एकदाच भेटले. माझं लग्न झालं होतं, तुमचा बाबा पोटात होता. कापड बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मागून कुणी हाक मारली, “इंदू!” ती होती. पाथर्डीला दिली होती तिला. कडेवर एक मूल, हाताला एक. जाड झाली होती, पण हसली तेव्हा तीच होती. आणि पहिलं काय विचारलं असेल तिनं?

“हात कसा हाय गं आता?”

मी तेव्हा मोठी बाई होते. बी.ए. झालेली. इंग्रजी पुस्तकं वाचणारी, शाळेत शिकवणारी. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. बाजार भरलेला होता, तिला बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी म्हटलं, “थंडीत दुखतो.”

तिनं कडेवरचं मूल खाली ठेवलं. माझं मनगट हातात घेतलं, फिरवून बघितलं, आणि माझ्या बांगड्यांखाली एक बोट सरकवून म्हणाली, “इतक्या घट्ट भरू नगं. रगत अडतंय.” मग म्हणाली, “माज्याच हातांनी केलं ना गं ते. लई वाटतं मला.” मूल रडायला लागलं, तिनं ते उचललं आणि गेली. मी पायरीवर उभी होते. तिच्यामागे धावले नाही. पलीकडच्या दुकानात जाऊन परकराचं कापड घेतलं.

त्याच दिवशी घरी आल्यावर तुमच्या आजोबांना मी पहिल्यांदा मनगटाची गोष्ट सांगितली. ते हळहळले. त्यांनी मला पाण्याची बादली उचलू दिली नाही. तेव्हापासून ती गोष्ट आपल्या घरात राहते आहे. बाबाला ठाऊक, तुमच्या आईला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. दिवाळीच्या फराळाला बसल्यावर कुणीतरी ती काढतंच, सगळे हसतात, आणि कुणीतरी माझ्याकडचं ताट घेऊन मला खुर्चीवर बसवतं. आता ती तुमच्याबरोबर समुद्रापलीकडे गेली. आता माझा नातू ती मुलांच्या गोलात बसून शिकवणार — हलीमाची पट्टी म्हणजे चुकीची पट्टी. सगळी मुलं ती आपापल्या हातांनी बांधून बघणार. मीच सुचवलेली पद्धत!

मी लहान होते, असं म्हणून चालेल का? लहान होते, झाडाखाली. बाजारात लहान नव्हते. फराळाला बसताना नव्हते. गेल्या डिसेंबरात तर नव्हतेच. डॉक्टरीणबाईंना कळलं असावं, आईला कळलं होतं, आणि दोघींनी झोळी बांधली. खरं आहे. पण त्यांच्यावर काही ढकलण्याचा हक्क मला नाही. जिला बोलता आलं असतं अशी मीच होते, आणि मी बोलले नाही. हलीमा आता आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी शोध घेतला नाही. पाथर्डी काय लांब आहे का? एस.टी.नं सकाळी जाऊन दुपारी परत येता आलं असतं, कुठल्याही दिवशी. मला रिकामे दिवस हवे तेवढे होते.

ओंकार, तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. हाड कुठलंच नव्हतं. तिचं नाव हलीमा होतं. ती जशी बांधत असे तसं मी वर लिहिलं आहे : कामट्या, कापूस, पट्ट्या, झोळी, गळ्याच्या खळगीपाशी गाठ, शेवटी बोट सरकवून बघायचं. ते बरोबर आहे. सभेत काय सांगायचं आणि काय नाही, ते मी तुला सांगणार नाही. सई, तुलाही काही म्हणणार नाही.

ती उशी माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. अभ्रा मी दोनदा बदलला, कापूस तोच आहे, आता त्याच्या गाठी झाल्यात. मनगट धडधाकट आहे. त्याला कधीच काही झालं नव्हतं.